ट्रंकेतला वेताळ: ठेवू, विकू की रद्दीत घालू?

पावशेर | रविवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

डोंबिवलीची आमची इमारत पुनर्विकासाला गेली. पोटमाळा रिकामा करताना बाबांची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. "त्यात ह्यांचे ऑफिसचे कागद आहेत," असं आई तीस वर्षं सांगत होती. कुलूप तोडलं. वर पिवळं पडलेलं वर्तमानपत्र, खाली वेखंडाचे तुकडे आणि त्याखाली इंद्रजाल कॉमिक्स. मराठी! दोन संध्याकाळी जमिनीवर मांडून मोजले, २१४ भरले. वेताळ (म्हणजे फँटम) सगळ्यात जास्त, मग मँड्रेक, मग बहादूर. फ्लॅश गॉर्डन मोजकेच. शिवाय अमर चित्र कथा चाळीसेक.

बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. रेल्वेत होते. त्यांच्या हातात कॉमिक मी कधी पाहिलं नाही. उलट मला "चित्रांची पुस्तकं वाचून डोकं आळशी होतं" असं ऐकवायचे. असो.

मालाची अवस्था अशी. साठ अंक बारा-बाराचे पाच गठ्ठे करून बाइंड केलेत. लाल रेक्झिन, पाठीवर बाबांच्या अक्षरात "वेताळ १", "वेताळ २". बाइंडरने कटिंग जरा हात मोकळा सोडून मारलंय, काही पानांवर संवादाच्या फुग्यातलं शेवटचं अक्षर गेलं. उरलेले सुटे आहेत. पिना गंजल्यात. सात-आठ अंकांवर एका वाचनालयाचा शिक्का आहे, ते आमच्याकडे कसे आले हे कृपया विचारू नका. आणि बहादूरचा एक अंक असा की मुखपृष्ठ कोरं करकरीत, आत पान १४ नंतर एकदम १९. मधलं जोडपान गायब.

आतापर्यंत तीन सल्ले मिळाले. रद्दीवाला किलोला चौदा रुपये म्हणाला. फेसबुकवरच्या एका गृहस्थांनी सगळ्या लॉटचे एकरकमी पैसे सांगितले. आकडा लिहीत नाही, पण नव्या घराच्या किचन ट्रॉल्या निघतील एवढा आहे. न्यू जर्सीचा आतेभाऊ म्हणतो, थांब, दहा वर्षांत सोनं होईल. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने एक अंक उलटून शेवटाकडून उघडला. त्याला मांगाची, म्हणजे उलटीकडून वाचायच्या जपानी कॉमिक्सची सवय.

तर जाणकारांनी सांगावं. ह्या बाजाराला पुढे काही आहे का, की आत्ता मिळतंय ते घ्यावं?

टेकडीवरचा वेताळ | रविवार, सकाळी ९.५२

पहिला नंबर माझा. विकू नका! सविस्तर रात्री टंकतो.

ठाणेकर मावशी | रविवार, सकाळी १०.१५

आमच्याकडे दोन भावांची मिळून तुमच्यापेक्षा जास्त होती. १९८३च्या मे महिन्यात आईने पाण्याच्या बंबात घातली. भाऊ आजीकडे गेले होते. परत आले तेव्हा राखसुद्धा उरली नव्हती, तिने त्या राखेने भांडी घासली होती.

थोरला आता ६६ वर्षांचा आहे. परवा त्याने एकच अंक पंधराशेला घेतला. वहिनीला दीडशे सांगितलंय.

जुना बाजार | रविवार, दुपारी १२.०५

पावशेर, मी ह्या धंद्यात एक पाय घालून आहे, म्हणजे जमवतोही आणि जास्तीचे विकतोही. तेव्हा माझं बोलणं मीठ लावून वाचा.

आधी माहिती. इंद्रजाल मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलं. किंमत ६० पैसे. सुरुवातीचे ३२ अंक फक्त वेताळाचे, मग मँड्रेक वगैरे आले. महिन्याला एक होतं, ते पंधरवड्याला झालं, शेवटी आठवड्याला. १९९०मध्ये बंद. सगळी मोजदाद ८०५पर्यंत जाते, पण प्रत्यक्ष अंक ८०३च. संपामुळे १२३ आणि १२४ छापलेच गेले नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण मला एकाने फोनवर "१२३ आहे माझ्याकडे, दुर्मीळ आहे" म्हणून सांगितलं होतं. दुर्मीळ खरंच, इतका की अस्तित्वातच नाही.

आता भाव. नेटवर जे आकडे दिसतात ते लावलेले भाव आहेत, मिळालेले नव्हेत. एकच अंक आठ हजाराला तीन वर्षं टांगलेला मी रोज पाहतो. प्रत्यक्षात हात बदलतो तेव्हा तो आकडा वेगळाच असतो. पहिले पन्नास-साठ अंक, बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठं, पिना जागेवर, पानं पूर्ण, ह्याला खरे पैसे आहेत. सत्तरच्या मधल्यांना बरे. ऐंशीतल्या साप्ताहिकांना फारसं कोणी विचारत नाही, कारण तोवर लोक जपून ठेवायला लागले होते.

बाइंड केलेल्यांचं वाईट वाटतं, पण कडा कापल्या की जमवणाऱ्याच्या लेखी तो अंक अर्धा गेला. गंमत म्हणजे आज जे अंक शिल्लक आहेत त्यातले निम्मे बाइंडिंगमुळेच वाचलेत. बाबांनी बाइंड केले नसते तर तेही बंबात गेले असते.

मराठीचं वेगळंच. इंग्रजी आणि हिंदी अंक बंगालपासून केरळपर्यंत कोणीही घेतो. मराठी अंक फार कमी उरलेत, इंग्रजीच्या मानाने मला शोधूनही मिळत नाहीत. म्हणून महाग असायला हवेत, नाही का? तसं नाही. घेणारेही तेवढेच कमी. माझी मराठीची पक्की गिऱ्हाइकं एकवीस. सगळ्यात तरुण ४९. गेल्या दोन वर्षांत त्यातली दोन गेली आणि दोघांच्याही घरून मलाच फोन आला, "काकांची ती पुस्तकं घेता का?" विकलेलाच माल परत विकत घेतला, आधीपेक्षा स्वस्तात. तुमच्या आतेभावाला हे सांगा.

हडसनकाठचा | रविवार, रात्री ८.३० (इथली सकाळ)

मी तो आतेभाऊ नव्हे, पण त्याच गावचा समजा. इथलं चित्र थोडं लांबलचक सांगतो, कारण "अमेरिकेत कोट्यवधींना जातं" हे अर्धंच ऐकलेलं असतं.

बातमी खरी आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये सुपरमॅनच्या पहिल्या अंकाची (१९३९चा) एक प्रत हेरिटेजच्या लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरला गेली, म्हणजे ऐंशी कोटींच्या घरात. कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना ती आईच्या माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडली होती. पावशेर, ट्रंकेचं वर्णन वाचून माझ्या अंगावर काटा आला तो उगाच नाही.

पण का? कारण त्या काळी कोणी ठेवलेच नाहीत. दहा सेंटचं पोरांचं वाचन, वाचलं, फाडलं, फेकलं. पुढे महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, पोरांनी स्वतः नेऊन दिले. आयांनी बाकीचं काम केलं (मावशींच्या आईसाहेबांना सादर प्रणाम).

आता दुसरी बाजू. असे भाव वर्तमानपत्रात यायला लागले तेव्हा लोक म्हणाले, आपण का नाही? १९९१मध्ये एक्स-मेनचा नवा पहिला अंक आला. पाच वेगवेगळी मुखपृष्ठं, ८० लाखांच्या घरात प्रती. १९९२च्या शेवटी सुपरमॅन मेला, काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद करून विकला. लोकांनी पाच-पाच घेतले, एक वाचायला, चार मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी. मुलांचं कॉलेज होऊन त्यांची मुलं शाळेत गेली. मी तो सुपरमॅन गेल्या वर्षी गराज सेलमध्ये तीन डॉलरला घेतला, पिशवी न फोडलेला. सगळ्यांनीच ठेवला, मग दुर्मीळ कशाने होणार? फुगा फुटला, दुकानं धडाधड बंद पडली आणि डिसेंबर १९९६मध्ये मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. आजची मार्व्हल पाहून कोणाला खरं वाटणार नाही.

करोनाच्या काळात पुन्हा तेच. घरी बसलेली माणसं, हातात सरकारी चेक. २०२१मध्ये स्पायडरमॅन पहिल्यांदा आला त्या अंकाची एक उत्कृष्ट प्रत ३६ लाख डॉलरला गेली. त्यानंतर मधल्या दर्जाचा माल बराच खाली आलाय. शिखरावरचे पाच-पन्नास अंक वर जातात, बाकीचं गाडं उताराला.

विक्रीची व्यवस्थाही हलली. इथली कॉमिक्सची दुकानं वर्षानुवर्षं डायमंड नावाच्या एकाच वितरकावर उभी होती (चाचा चौधरीवाल्या डायमंडशी संबंध नाही). २०२०मध्ये सुपरमॅनवाल्या डीसीने तो सोडला, पुढच्या वर्षी मार्व्हलने, आणि जानेवारी २०२५मध्ये तोच दिवाळखोरीत गेला. मी दर बुधवारी जातो त्या दुकानात आता निम्मी भिंत मांगाची, पाव भिंत बाहुल्यांची, नवे अंक कोपऱ्यात. दुकानदार म्हणतो, अंक विकून भाडं निघत नाही, मांगावर निघतं.

खडूस | रविवार, रात्री ९.१०

सगळे आठवणींनी गहिवरलेत तर एक काडी सारतो.

वेताळ परत वाचलाय का कोणी मोठेपणी? गोरा माणूस, चारशे वर्षं पिढ्यानपिढ्या जंगलात कवटीच्या सिंहासनावर, भोवती त्याला देव मानणारे आदिवासी. मूळ मालिकेतला प्रदेश "बंगाला", आपल्याकडे "बंगाल" वाटू नये म्हणून त्याचं "डेंकाली" केलं. नाव बदललं, गोष्ट तीच. माझ्या भाचीला दिलं, तिने चार पानांत विचारलं, "ह्यांना स्वतःचं काही करता येत नाही का?" मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हा भविष्य वगैरे सोडा. माल आठवणींचा आहे, आठवण असलेल्याला विका, लवकर विका.

टेकडीवरचा वेताळ | रविवार, रात्री ११.२०

खडूस, मुद्दा मान्य, पण म्हणूनच बहादूरचं महत्त्व. १९७६मध्ये आबिद सुरतींनी लिहिला, गोविंद ब्रह्माणियांनी काढला. भगवा कुडता, जीन्स, चंबळसारखा मुलूख, डाकू. आणि मुख्य म्हणजे तो गावकऱ्यांनाच उभं करतो, गुहेतून एकटा येऊन सगळ्यांचं भलं करून जात नाही. इंद्रजालात आपल्या मातीतला म्हणावा असा तो. माझ्या मते पुढे किंमत राहील तर त्याची.

आणि चित्रकार! अमर चित्र कथेचा पहिला "कृष्ण" राम वाईरकरांनी काढला. प्रताप मुळीक अमर चित्र कथेत होते आणि १९८६मध्ये राज कॉमिक्सचा नागराज उभा केला तोही त्यांनीच. दिलीप कदमांचा भोकाल घ्या, तोही राज कॉमिक्सचाच. हिंदी पट्ट्यातली पोरं ज्या चित्रांवर वाढली ती आपल्या माणसांच्या हातची. अमेरिकेत मूळ चित्राच्या एका पानाला जानेवारी २०२२मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलर मिळाले, तेही स्पायडरमॅन काळ्या पोशाखात दिसतो म्हणून. इथे मूळ पानं गेली कुठे? मी एका छापखान्यातल्या निवृत्त माणसाला विचारलं होतं. म्हणाला, "बोर्ड चांगला जाड होता, पावसात दाराखाली सरकवायचो."

हडसनकाठचा | रविवार, रात्री ११.४१

आई गं.

विशी ओलांडली | सोमवार, सकाळी ८.०५

मी इथली बहुतेक सगळ्यात लहान असेन (२२). काका-मावशींनो, रागावू नका.

"नवीन पिढी कॉमिक्स वाचत नाही" हे इथे अजून कोणी म्हटलं नाही, पण म्हणणार आहात, म्हणून आधीच सांगते. माझ्याकडे १३० मांगा आहेत. एक पुस्तक चार-पाचशेला पडतं, पॉकेटमनी आणि आता स्टायपेंड सगळा त्यात. कॉलेजच्या ग्रूपमध्ये एक खंड दहा हातांतून फिरतो. आमच्यात कोणी "पहिली आवृत्ती" विचारत नाही. जपानी प्रकाशक मागणी असेपर्यंत छापत राहतो, संपलं की परत छापतो. त्यामुळे माझ्या १३०ची पुनर्विक्री किंमत साधारण शून्य, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

मला तुमचं गणितच उलटं वाटतं. अंक मिळत नाही म्हणून तो महाग, आणि महाग म्हणून कोणी वाचत नाही. मग मिळत नाही ह्याचा आनंद कसला?

ते अमेरिकेतलं प्लॅस्टिकच्या पेटीत सील करून वर १०पैकी ९.२ असे गुण चिकटवणं तर मला कळतच नाही. पेटी फोडली की गुण गेले. म्हणजे कॉमिक आहे, पण उघडायचं नाही!

हडसनकाठचा | सोमवार, सकाळी ८.५०

पेटीची बाजू घेतो थोडी. २०००मध्ये सीजीसी (ही गुण देणारी कंपनी) सुरू होण्याआधी "उत्तम स्थिती" म्हणजे विकणाऱ्याला जे वाटेल ते. फाटका कोपरा रंगवायचे, पानं ब्लीच करायचे. दूरवरच्या अनोळखी माणसाकडून घ्यायचं तर तिसऱ्याने तपासलेलं बरं.

पण हेही खरं की २०२३-२४मध्ये पेट्याच बदलल्याचं उघडकीला आलं. जुनी पेटी बदलून नवी घेताना आतला अंकच हलका घालायचा, गुण मात्र आधीचे. त्यानंतर माझा एक मित्र सगळ्या पेट्या उन्हात धरून बघत बसला होता.

मुठेकाठची | सोमवार, सकाळी १०.३०

ग्रंथालयात चोवीस वर्षं काढली, त्यामुळे भावाबद्दल शून्य आणि कागदाबद्दल चार शब्द.

पावशेर, पहिलं म्हणजे लॅमिनेशन नको. कोणीतरी सुचवणार आहे. दुसरं, सेलोटेप नको. आज पारदर्शक दिसते, दहा वर्षांत तपकिरी होते आणि निघताना शाईसकट निघते. हा वर्तमानपत्री कागद आहे, लगद्यातलं आम्ल त्याला आतून खातं. तुम्ही ते थांबवू शकत नाही, सावकाश करू शकता. अंधार, कोरडी जागा, उभे न ठेवता आडवे, दहा-बाराच्या वर चळत नको.

डोंबिवलीच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केलेत तर आत घाम धरेल आणि गणपतीपर्यंत बुरशी येईल. पिशवी घालायचीच तर डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत घाला. वेखंड बाबांनी टाकला होता ते उत्तम, कसर लांब राहते, फक्त कागदाला टेकू देऊ नका, डाग पडतो. पुरचुंडी करा. डांबरगोळ्या असतील तर मात्र काढा, खोलीत झोपणाऱ्याच्या फुप्फुसाला वाईट. कीड आधीच लागली असेल तर अंक हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. मोठ्या संग्रहांतही गोठवूनच कीड मारतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच.

आणि हो, बहादूरच्या त्या अंकाच्या १४व्या पानावर शेवटच्या चौकटीत दरीच्या तोंडावर जीप आहे का?

पावशेर | सोमवार, दुपारी १.१५

संध्याकाळी घरी जाऊन बघतो. ताई, का हो?

शिवकाशी एक्सप्रेस | सोमवार, दुपारी ३.००

नोकरीमुळे अकरा वर्षं तामिळनाडूत आहे, इथलं सांगतो. शिवकाशी म्हणजे आपल्याला फटाके आणि कॅलेंडर. तिथूनच लायन आणि मुत्तू कॉमिक्स निघतात, तामिळमध्ये. माल मुख्यतः युरोपातला, टेक्स विलर नावाचा इटालियन काउबॉय तर इथे घरचा माणूस आहे. माझ्या ऑफिसचा सुरक्षारक्षक त्याचा भक्त.

चालतं कसं? वर्षाची वर्गणी आधी. संपादक विजयन वर्षभरात काय काढणार ते सांगतात, वाचक पैसे भरतात, त्या अंदाजानेच छापतात. ब्लॉगवर वाचक त्यांच्याशी कडाकडा भांडतात, अमुक हिरो का बंद केला म्हणून. प्रती थोड्या, पण रद्दीत काही जात नाही. चेन्नईच्या पुस्तक मेळ्यात स्टॉलवर पन्नाशीचे बाप आणि त्यांना ओढत नेणारी पोरं, दोन्ही दिसतात.

बंगालीत नारायण देबनाथ. त्यांच्या चित्रकथा हांदा-भोंदा १९६२पासून, बांटुल १९६५पासून, २०२१ला पद्मश्री. त्यांची पुस्तकं आजही सहज मिळतात. मराठीत स्वतःचं म्हणून चिंटू (१९९१, सकाळ), तेही वर्तमानपत्रातली पट्टी. बाकी आपण अनुवाद वाचले, अनुवाद बंद झाले, आपण संपलो. मराठी माणूस नाटकाला पाचशेचं तिकीट काढतो, पण कॉमिकला पन्नास म्हटलं की "चित्रं तर आहेत नुसती".

जुना बाजार | सोमवार, दुपारी ४.२०

शेवटच्या वाक्याला +१००. मी स्वतः दोन मराठी प्रकाशकांना विचारलंय, इंद्रजाल नव्याने मराठीत काढा, हजार प्रतींचं गिऱ्हाईक मी जमवतो. हक्क कोणाचे, किती भरायचे, ह्यावर घोडं अडतं.

टेकडीवरचा वेताळ | सोमवार, सायंकाळी ५.०५

अमेरिकेत ९५ वर्षांचा नियम. मँड्रेक १९३४चा, म्हणजे पहिल्या पट्ट्या तिथे १ जानेवारी २०३०ला मोकळ्या. वेताळ १९३६चा, तो १ जानेवारी २०३२ला. फार लांब नाही! अर्थात इथला कायदा वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि दोघांचे जनक ली फॉक गेले १९९९ला. मराठी अनुवादाचा हक्क आणखी वेगळा. वकील लोकांनी प्रकाश टाकावा.

खडूस | सोमवार, सायंकाळी ५.१८

२०३२पर्यंत जुना बाजारांची एकवीसातली किती गिऱ्हाइकं उरतील ते बघा. हलकेच घ्या.

जुना बाजार | सोमवार, सायंकाळी ५.४०

घेतलं. खोटं नाही ते.

म्हणूनच स्पष्ट लिहितो, मग माझ्या धंद्याचं काही होवो. इंद्रजालाचा बाजार म्हणजे साधारण १९५५ ते १९७८मध्ये जन्मलेल्यांचा बाजार. त्यांच्या हातात निवृत्तीचे पैसे आले म्हणून भाव चढले, आणखी दहाएक वर्षं राहतील, मग पुरवठा वाढणार आणि घेणारे आटणार. टपाल तिकिटांचं झालं तसंच. राज कॉमिक्सचं अजून वीस वर्षं चालेल, कारण नागराज-ध्रुववाली पोरं आत्ता चाळिशीत, पगाराच्या ऐन भरात. पण तिकडेही संस्थापकांच्या पश्चात तीन भावांची तीन दुकानं झाली आणि जो तो चकचकीत "कलेक्टर्स एडिशन" काढतोय. घेणारा प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकमध्ये ठेवतोय. हडसनकाठच्यांनी सांगितलेला काळ्या पिशवीतला सुपरमॅन आठवा.

पावशेर, पैसे हवे असतील तर सुटे जुने अंक आत्ता द्या, पण लॉटमध्ये नको. लॉटवाला पहिल्या साठातले अंक मोजून भाव सांगतो आणि बाकीचे फुकट नेतो. नंबरांची यादी मला व्यनि (खाजगी निरोप) करा, मी घेणार नाही, फक्त कुठला अंक वेगळा काढायचा ते सांगतो.

विशी ओलांडली | सोमवार, सायंकाळी ६.१०

आणि स्कॅन? २१४ मराठी अंक एका ठिकाणी आहेत आणि कोणी स्कॅनचं बोलत नाहीये. इंग्रजी-हिंदीचे नेटवर ढिगाने आहेत, मराठीचे मला फारसे सापडले नाहीत. नेटवर टाकण्याचा कायदेशीर घोळ कळला, पण निदान स्वतःपुरती प्रत? कागद आतून मरतोय असं मुठेकाठची मावशीच सांगतायत. मी दोन रविवार येऊन मदत करते. बाइंड केलेल्यांना हात लावणार नाही, ते कसे सपाट करायचे मला माहीत नाही.

मुठेकाठची | सोमवार, सायंकाळी ६.३५

सपाट करायचेच नाहीत. अर्धवट उघडे ठेवून वरून फोटो, दोन्ही बाजूंनी पांढरा उजेड. फोनही चालतो, हात स्थिर हवा. मी दाखवीन.

पावशेर | सोमवार, रात्री ९.४५

सगळ्यांचे आभार. यादी टंकायला घेतली, जुना बाजारांना व्यनि केलाय. लॉटवाल्याला सध्या नाही म्हटलं, त्याने लगेच दोन हजार वाढवले, म्हणजे काहीतरी चांगलं आहे ह्यात. लाल गठ्ठे विकणार नाही, त्यांना तशीही किंमत नाही. आईने आज "वेताळ ३" उघडून बघितला आणि म्हणाली, "हे रेक्झिन माझ्या माहेरच्या सोफ्याचं उरलेलं आहे." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

मुठेकाठची ताई, जीप आहे! दरीच्या तोंडावर, पुढचं एक चाक हवेत.

मुठेकाठची | सोमवार, रात्री ९.५८

वाटलंच. माझ्याकडे तोच अंक आहे. मुखपृष्ठ नाही, पहिली चार पानं नाहीत, शेवटची नाहीत, पण मधलं पान शाबूत. १५ ते १८. १९८०पासून मला माहीत नाही की सुरुवात काय होती.

ठाणेकर मावशी | सोमवार, रात्री १०.०२

अगं बाई! पत्रिका जुळली.

जुना बाजार | सोमवार, रात्री १०.१०

दोन प्रती जोडून एक केली तर बाजारात ती "लग्न लावलेली" प्रत. चालते, पण पुढे कधी विकलीत तर सांगून विका. न सांगता विकणारे फार आहेत.

खडूस | सोमवार, रात्री १०.१४

पान कोण कोणाला देणार ते आधी ठरवा, मागाहून वाद नको.

मुठेकाठची | सोमवार, रात्री १०.२०

मी देते. माझ्याकडे नाहीतरी धड काहीच नाही. बदल्यात पहिली चौदा पानं वाचायला द्यायची, तिथेच बसून.

पावशेर | सोमवार, रात्री १०.२६

ताई, पूर्ण अंक घरी न्या, महिनाभर ठेवा. मी डोंबिवली, तुम्ही पुणे. रविवारी कर्जतला भेटू या? तुम्हाला पुण्याहून गाडी मिळेल, मला थेट लोकल. वडापाव माझ्याकडून. मी आजच माझ्या अंकाच्या पिना काढून ठेवतो.

मुठेकाठची | सोमवार, रात्री १०.३१

पिनांना हात लावू नका. गंजलेली पिन ओढलीत की घडीवरच फाटतं. मी बोथट सुरी आणि पांढरा सुती दोरा घेऊन येते. तुम्ही फक्त एक जाड पुठ्ठा आणा, आणि वडापाव शिवण घालून झाल्यावर. तेलकट हात नकोत.